गोड्या पाण्यांतील झिंगा व त्याचें वसतिस्थान

कामठी तालुक्यांत बिना या गांवापाशीं कन्हान, पेंच व कोलार या तीन नद्या एकत्र होतात. संगमाच्या खालीं नदीचें पात्र रुंद व वाळूचें असून मधून मधून खडकांचे उंचवटे आणि त्यांच्या कुशींत डोह आहेत. पावसाळा ओसरला म्हणजे या डोहांच्या कडेनें ढीवर लोकांचीं जाळीं पडूं लागतात, आणि रोहू, मरळ, शिंगाडा इत्यादि मासळीबरोबर त्यांत झिंगेही सांपडतात. बाजारांत झिंग्यास बहुतेक मासळीहून चढा भाव मिळतो, हें गिऱ्हाइकास ठाऊक असतें. परंतु हा प्राणी कोठून येतो, काय खातो, कोठें वाढतो आणि अलीकडे नदींतून दुर्मिळ कां होत चालला आहे, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. त्यांतच आतां शेततळ्यांत झिंगे सोडून पैसा करावा असा उपदेश करणारे लोक गांवोगांव येऊं लागले आहेत. उपदेश ऐकण्यापूर्वीं शेतकऱ्यास त्या प्राण्याची नीट ओळख असावी, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

झिंगा हा मासा नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. माशास पाठीचा कणा असतो. झिंग्यास तो नसतो. त्याचा सांगाडा अंगाच्या बाहेर, कवचाच्या रूपानें असतो. शास्त्रज्ञ त्याची गणना संधिपाद प्राण्यांत करितात. खेकडा हा त्याचा जवळचा भाऊ, आणि विंचू, कोळी, टोळ, भुंगे व कपाशीची बोंडअळी हीं त्याचीं दूरचीं भावंडें होत. वाचकांनीं हें नातें ध्यानांत ठेवावें, कारण पुढें औषधांचा विषय निघेल तेव्हां त्याचें महत्त्व कळून येईल.

कवच अंगाबरोबर वाढत नाहीं. म्हणून अंग वाढलें कीं झिंगा जुनें कवच सर्पाच्या कातेप्रमाणें टाकून देतो व आंतून नवें मऊ कवच घेऊन बाहेर पडतो. लहानपणीं हें थोड्या थोड्या दिवसांनीं घडतें, मोठेपणीं त्यांतील अंतर वाढत जातें. नवें कवच घट्ट होईपर्यंत कांहीं काळ तो अगदीं असहाय असतो, व या वेळीं त्याचेच सोबती त्याच्यावर तुटून पडून त्यास खाऊन टाकितात. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां भाऊबंदकीचीं प्रकरणें आम्हीं पुष्कळ हाताळिलीं, परंतु इतकी उघड भाऊबंदकी कोणत्याही मिसलींत पाहिली नाहीं. या कारणास्तव झिंग्यास लपावयास जागा लागते. खडकांच्या फटी, बुडालेलीं झाडें, काठच्या झाडांचीं पाण्यांत उतरलेलीं मुळें, पाणवनस्पतींचे गुंते, हेंच त्याचें खरें घर होय. दिवसा तो तेथें दडून बसतो व रात्रीं तळावर हिंडून कुजका पाला, किडे, गोगलगायी, धान्याचे कण, मेलेली मासळी असें जें मिळेल तें खातो. नदीचा तळ स्वच्छ ठेवणारा तो एक झाडूवालाच आहे असें म्हटल्यास चालेल.

झिंग्यांच्या जाति पुष्कळ आहेत. कोंकणांत ज्यास कोळंबी म्हणतात ती बहुधा समुद्रांतील किंवा खाडींतील जात असते. आमच्याकडील गोड्या पाण्याचा झिंगा तिच्याहून निराळ्या कुळांतला आहे. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शेपटीकडील भागावर ज्या कड्या असतात त्यांच्या बाजूच्या पाळ्या पाहाव्या. दुसऱ्या कडीची पाळ पहिलीवर आणि तिसरीवर अशी दोहों बाजूंस चढलेली असेल तर तो गोड्या पाण्याच्या झिंग्यांच्या कुळांतला समजावा. समुद्रांतील कोळंबीच्या पाळ्या कौलांप्रमाणें पुढून मागें एकीवर एक रचलेल्या असतात. दुसरा भेद अंड्यांचा. समुद्रांतील कोळंबी आपलीं अंडीं पाण्यांत सोडून मोकळी होते; गोड्या पाण्याच्या झिंग्याची मादी तीं पोटाखालच्या पायांत चिकटवून बाळगते आणि पाय सारखे हालवून त्यांस ताजें पाणी घालीत राहते.

आमच्या भागाशीं तीन जातींचा संबंध येतो. पहिली, बोटाच्या पेरांएवढी लहान, जी तळ्यांत व ओढ्यांत सर्वत्र आढळते आणि वाळवून विकली जाते. हिला शास्त्रांत मॅक्रोब्रॅकियम लॅमारी असें नांव आहे. तिची सर्व वाढ गोड्या पाण्यांतच होते, म्हणून ती अजून टिकून आहे. दुसरी मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. हें नांव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एद्वार्द यानें १८४४ सालीं ठेविलें. गोदावरी, कृष्णा, महानदी या नद्या व त्यांस मिळणाऱ्या नद्या हें तिचें घर असल्यामुळें हिला गोदावरीचा झिंगा म्हणतात. नर २३ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तिसरी मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, म्हणजे व्यापारी ज्यास स्कॅम्पी किंवा महाझिंगा म्हणतात ती. हिचा नर ३२ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे, व त्याचे निळसर लांब चिमटे पाहिले म्हणजे प्रथम पाहणारा दचकतो. शेततळ्यांत सोडावयास जें बीज आणितात तें बहुधा या तिसऱ्या जातीचें असतें. कन्हानेच्या डोहांत जो मोठा झिंगा मिळत असे म्हणून म्हातारे ढीवर सांगतात, तो मात्र दुसऱ्या जातीकडे बोट दाखवितो.

आतां या दोन मोठ्या जातींच्या आयुष्यांतील जी विलक्षण गोष्ट आहे ती सांगतों. झिंगा गोड्या पाण्यांत वाढतो, गोड्या पाण्यांत माजावर येतो, मादी अंडींही गोड्या पाण्यांतच धरिते. परंतु त्या अंड्यांतून निघालेलें पिलूं गोड्या पाण्यांत जगत नाहीं. त्यास खाडीचें मचूळ पाणी लागतें. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें ३५ भाग मीठ असतें. महाझिंग्याच्या पिलास १२ ते १५ भाग, व गोदावरीच्या झिंग्याच्या पिलास १८ ते २० भाग मीठ मानवतें. तें न मिळाल्यास चार-पांच दिवसांत पिलूं मरतें. पिलूं दिसावयास झिंग्यासारखें मुळींच नसतें. तें उलटें, पाठ खालीं व शेपूट पुढें करून, पाण्यांत तरंगत पोहतें. महाझिंग्याचें पिलूं अकरा अवस्थांतून जाऊन महिन्याभरांत झिंग्याचें रूप घेतें. गोदावरीच्या झिंग्यास याहून अधिक दिवस लागतात. रूप पालटल्यावर तें तळावर बसतें, आणि मग त्याची ओढ गोड्या पाण्याकडे लागते. खाडींतून नदीच्या मुखांत, मुखांतून वर, कांठाकांठानें, जेथें प्रवाह मंद असेल तेथून तें चढत जातें. उतार असलेल्या ओल्या खडकावरून रात्रीच्या वेळीं हीं पिलें सरपटत वर चढतात.

ही गोष्ट जगास कळून फार दिवस झाले नाहींत. मलायांतील पिनांगजवळ ग्लुगोर येथें शाओ-वेन लिंग हे शास्त्रज्ञ महाझिंग्यावर प्रयोग करीत होते. अंडीं फुटत, पिलें निघत आणि मरून जात. अखेरीस १९६१ सालीं त्यांस आढळून आलें कीं पाण्यांत थोडें मीठ असलें तरच पिलें जगतात. पुढें हवाई बेटांत ताकुजी फुजिमुरा यांनीं मलायांतून झिंगे नेऊन हजारों पिलें एकदम काढण्याची रीति बसविली. आज जगांत जेथें जेथें महाझिंग्याची शेती होते, ती या दोघांच्या खटपटीवर उभी आहे. आमच्याकडेही गोदावरीच्या झिंग्याचा अभ्यास झालेला आहे, के. एच. इब्राहीम यांनीं त्याच्या मासेमारीविषयींचें आपलें निरीक्षण १९६२ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां वाचकांनीं नकाशा पुढें घ्यावा. कामठीखालून वाहणारी कन्हान अंभोऱ्यास वैनगंगेस मिळते. वैनगंगा भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे ओलांडून वर्धेस मिळते व दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यासमोर कालेश्वराजवळ गोदावरींत शिरते, आणि गोदावरी भद्राचलम्, राजमहेंद्री करीत बंगालच्या उपसागरास जाते. पुराचें पाणी तासास तीन-चार किलोमीटर चालतें असें धरिलें तरी कामठीचें पाणी खाडीस पोंचावयास आठ-दहा दिवस सहज लागतील. पिलाची मुदत तर चार-पांच दिवसांची! यावरून सरळ दिसतें कीं इतक्या वरच्या नदीच्या झिंग्यास आपलें कुळ चालवावयाचें असेल तर वाटेचा मोठा भाग मादीनेंच, पोटाखालीं अंडीं घेऊन, पुराबरोबर खालीं उतरून कापिला पाहिजे. अंडीं उबण्यास सुमारें तीन आठवडे लागतात, तेवढा अवधि निसर्गानें तिला दिलेला आहे. आणि परत येणारें नख-दोन नखांएवढें पोर हा शेंकडों किलोमीटरांचा चढ महिन्यानुमहिने चालून चढतें.

या रस्त्यावर मनुष्यानें आडवे बांध घातले आहेत. पहिला मोठा बांध समुद्राजवळचा, धवळेश्वर येथील. तो सर आर्थर कॉटन यानें १८५२ सालीं पुरा केला. त्यानें गोदावरीच्या मुखाशीं लाखों एकर जमीन भिजली, दुष्काळाचें भय गेलें, व तेथील शेतकरी आजही कॉटनचें नांव आदरानें घेतात. आम्हीही तें घेतों. परंतु झिंग्याच्या पोरांस भिंत ती भिंतच. बांधाच्या पायथ्याशीं हीं पोरें दाटीवाटीनें जमतात, आणि तेथेंच जाळीं लावून त्यांस धरणारे लोकही जमतात. वरच्या बाजूस आतां पोलावरमचें धरण उभें राहत आहे. त्याच्या वर, सिरोंच्याच्या बाजूस, मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ सालीं सुरू झाला. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. वैनगंगेवर चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा आहे, आणि पवनी तालुक्यांत गोसीखुर्दचें मोठें धरण आहे, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं झाली. पेंचेवर तोतलाडोह व नवेगांव खैरी, आणि त्यांच्याही वर मध्यप्रदेशांत चौराई येथें धरण असल्यानें आमच्या संगमास येणारा पूरही पूर्वींसारखा राहिला नाहीं. एकेका भिंतीवरून एखादें पोर पुरांत चढून जाईलही. परंतु इतक्या भिंती एकामागून एक ओलांडून कामठीस पोंचणारें पोर किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

धरणें बांधूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या धानास पाणी मिळालें नाहीं त्याच्यापुढें झिंग्याची कथा सांगणें व्यर्थ आहे. परंतु धरणाच्या अंदाजपत्रकांत कालव्याची, रस्त्याची, वसाहतीची रक्कम ज्याप्रमाणें मांडली जाते, त्याप्रमाणें मासळीच्या वाटेचीही मांडली पाहिजे होती. भिंतीच्या एका बाजूस खडबडीत उतार ठेवून त्यावरून पाण्याची पातळ धार सतत वाहती राखिली तर झिंग्याचीं पोरें तीवरून चढूं शकतात. सबंध धरणाच्या खर्चापुढें हा खर्च किती, हें सांगावयास कारकून लागत नाहीं.

सगळा दोष दूरच्या धरणांवर टाकून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. घरच्या नदीची अवस्थाही तशीच आहे. वाळूच्या उपशानें डोह बुजतात किंवा फुटतात, खडक उघडे पडतात, आणि पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतें. झिंगा कल्ल्यांनीं श्वास घेतो. बारीक गाळ त्या कल्ल्यांत बसला कीं तो गुदमरतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचा उपद्रव निराळा. २०२२ च्या जुलै महिन्यांत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचें पाणी कोलारींत व कन्हानेंत गेलें, आणि नागपुरास कन्हानेहून होणाऱ्या पाणीपुरवठ्यासही त्याचा त्रास पोंचला. माणसांस नळाचें पाणी कांहीं दिवसांनीं पूर्ववत् मिळालें. तळावर बसलेली राख झिंग्याच्या घरांतून इतक्या लवकर कोण काढणार? आणखी खालीं नागपूर शहराचें सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानेस मिळते. कुजणाऱ्या घाणीनें पाण्यांतील प्राणवायु संपतो, व तळावर राहणाऱ्या प्राण्यास त्याची झळ सर्वांआधीं लागते.

आणि आतां शेतकऱ्याचा स्वतःचा वाटा. झिंगा हा किड्यांचा भाऊबंद आहे असें आम्हीं वर सांगितलें. जें औषध कपाशीची अळी किंवा धानाचा तुडतुडा मारतें, तें झिंग्यासही मारतें. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या नांवांचीं जीं औषधें आहेत, तीं मनुष्यास व जनावरास त्या मानानें कमी बाधतात म्हणून लोक तीं निर्धास्तपणें वापरितात. परंतु पाण्यांतील झिंग्यास त्यांचा अत्यंत थोडा अंशही पुरतो. फवारणी झाल्यावर पंप ओढ्यांत धुणें, रिकामा डबा बांधावरून नाल्यांत भिरकावणें, पाऊस समोर दिसत असतां फवारणें, या तीन गोष्टी टाळल्या तरी खालच्या डोहावरील पुष्कळ संकट टळेल. त्यांत औषधाचीही बचतच आहे. मासळी धरण्यासाठीं पाण्यांत मुद्दाम विष कालविणारे किंवा सुरुंग उडविणारे लोक निराळेच. हें कृत्य १८९७ च्या मत्स्य अधिनियमानेंच गुन्हा ठरलें होतें. पुढें महाराष्ट्रांत १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला. कायदा जुना आहे, परंतु गुन्हा कोणी नोंदवावयास गेला तरच तो चालतो.

येथें दप्तराविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पूर्व विदर्भांत साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. आज लोक त्यांस मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असें म्हणतात. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वयें मालगुजारी संपली व ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. परंतु तलावांत कोणीं मासळी धरावी, कोणत्या महिन्यांत धरावी, गांवकऱ्यांस काय द्यावें, याविषयींचे रिवाज कित्येक गांवच्या वाजिब-उल-अर्जांत लिहून ठेविलेले असतात. हे कागद जीर्ण झाले तरी रद्दी नव्हेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेंही आमच्या भागासाठीं निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांस जागा ठेविली आहे. ज्या गांवांत तलावाच्या ठेक्यावरून ढीवर मंडळींची सहकारी संस्था व शेतकरी यांच्यांत वाद असेल, त्या गांवच्या लोकांनीं भांडणाआधीं तालुक्याच्या अभिलेख कक्षांत जाऊन नक्कल काढावी. नकलेची फी वकिलाच्या फीपेक्षां पुष्कळ कमी असते. आम्हांस असेंही सुचवावेंसें वाटतें कीं तलावांत महाझिंग्याचें बीज सोडावयाचें असल्यास तें ढीवर संस्थेस वगळून सोडूं नये. पाणी शेतकऱ्याचें असेल, परंतु जाळें टाकण्याची विद्या त्यांची आहे. तलाव आटल्यावर चिखलांतून झिंगा जिवंत व अखंड काढणें हें येरागबाळ्याचें काम नाहीं.

शेततळ्याचा विचार निराळा, कारण तें ज्याचें त्याच्याच ताब्यांत असतें. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाल्यापासून आमच्या भागांतही शेततळीं वाढलीं आहेत. त्यांत झिंगा होतो काय, असें पुष्कळजण विचारितात. होतो; परंतु कोणत्या महिन्यांत व किती, हें समजून घेतलें पाहिजे. महाझिंग्यास पाण्याची उष्णता २६ ते ३१ अंश चांगली मानवते. हिवाळ्यांत ती वीस अंशांच्या खालीं गेली कीं तो खाणें कमी करितो व त्याची वाढ थांबते. १४ अंशांखालीं व ३५ अंशांवर तो मरूं लागतो. आमच्याकडे वैशाखांत उथळ तळ्याचें पाणी काय होतें हें सर्वांस ठाऊक आहे, आणि पौषांतील रात्रीही ठाऊक आहेत. म्हणून आपल्याकडील हंगाम आषाढापासून मार्गशीर्षापर्यंतचा. आंध्रांत समुद्राकांठीं वर्षभर पीक निघतें, तेथील आंकडे येथें कोणी सांगूं लागल्यास त्यांवर विश्वास ठेवूं नये.

आंकडेमोड ही आमची जुनी खोड आहे, म्हणून एक हिशेब मांडून दाखवितों. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तळ्याचें क्षेत्र ९०० चौरस मीटर झालें. चौरस मीटरास दोन प्रमाणें १,८०० पोरें सोडलीं. त्यांतील निम्मीं जगलीं तर ९०० राहिलीं. भाऊबंदकी, पक्षी व साप यांचा वाटा जातां निम्मीं जगणें हें चांगलेंच समजावें. प्रत्येकाचें वजन सरासरी ४० ग्रॅम भरलें तर एकंदर ३६ किलो झिंगा निघेल. बाजारांतील भाव आपापल्या गांवीं विचारून, बीज, चारा, चुना व मजुरी यांचा खर्च वजा करून, उरेल तो नफा. हा जोडधंदा म्हणून ठीक आहे. यावर कोणी कर्ज काढूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. मोठा तलाव असेल तर रोहू व कटला यांच्याबरोबर हेक्टरीं पांच ते दहा हजार झिंगे सोडावे. हे मासे मधल्या व वरच्या पाण्यांत चरतात, झिंगा तळावर चरतो, म्हणून त्यांचें जमतें. मृगळ व सायप्रिनस हे तळावर चरणारे मासे त्यांच्यांत घालूं नयेत, आणि मरळ, मांगूर, शिंगाडा हे तर घातकच.

महाझिंग्याच्या धंद्याचा इतिहासही येथें सांगितला पाहिजे. आंध्रांत नेल्लोराकडे २००५ च्या सुमारास हा धंदा भरभराटीस आला होता. पुढें पिलांची शेपटी पांढरी पडून तीं मरण्याचा रोग पसरला, त्याच त्या कुळांतील माद्यांपासून पुनःपुन्हां बीज काढल्यानें वाढ खुंटली, आणि २००९ सालीं व्हॅनामी नांवाच्या परदेशी कोळंबीस परवानगी मिळाल्यावर पुष्कळ शेतकरी तिकडे वळले. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्थेनें २००७ पासून निवड करून सुधारलेलें बीज तयार करण्याचें काम चालविलें आहे. बीज घेतांना तें कोणत्या केंद्राचें, त्याची रोगाची तपासणी झाली आहे काय, हें लेखी मागून घ्यावें. नदींतील लहान जातीचीं पोरें धरून महाझिंग्याचें बीज म्हणून विकण्याचा लबाड व्यवहार होऊं शकतो. महाझिंग्याच्या पोराच्या पाठीच्या कवचावर, दोन्ही बाजूंस, लांबट काळसर पट्टे असतात. भिंग लावून तेवढें पाहून घ्यावें. शंका असल्यास नागपुरास तेलंखेडी येथें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तेथें नमुना नेऊन दाखवावा.

तळें तयार करण्याची रीति थोडक्यांत अशी. उन्हाळ्यांत तळ वाळवून त्यावर चुना टाकावा. कवच बनावयास चुन्याचा अंश लागतो, व तळांतील आंबटपणाही त्यानें मोडतो. पाणी भरल्यावर जुन्या कौलांचे तुकडे, बांबूचीं ढांपें, वाळक्या फांद्या तळावर जागोजाग ठेवाव्या, म्हणजे कात टाकलेल्या झिंग्यास आसरा मिळतो. प्लास्टिक घातलेल्या तळ्यांत हें विशेष अगत्याचें आहे, कारण तेथें लपावयास दुसरें कांहींच नसतें. आलेल्या पिशव्या फोडून एकदम तळ्यांत ओतूं नयेत. अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून आंतील व बाहेरील पाण्याची उष्णता सारखी झाल्यावर, सायंकाळच्या थंड वेळीं, हळूहळू सोडाव्या. पहिला महिना पोरें बारीक जाळीच्या कप्प्यांत वाढवून मग मोकळीं केल्यास अधिक जगतात. चारा म्हणून तांदळाचा कोंडा, भुईमुगाची ढेप व सुकटीचा चुरा एकत्र करून संध्याकाळीं द्यावा, कारण झिंगा रात्रीं चरतो. परातींत घालून पाण्यांत सोडिल्यास सकाळीं किती उरला तें दिसतें, व उरला असेल तर दुसऱ्या दिवशीं कमी करितां येतो. ढगाळ हवेंत व पहांटेच्या सुमारास पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. अशा वेळीं झिंगे काठाशीं गोळा होऊन उथळ पाण्यांत किंवा फांद्यांवर चढलेले दिसल्यास चारा बंद करून लागलीच पंपानें त्याच तळ्याचें पाणी उंच उडवून परत तळ्यांत पाडावें, किंवा विहिरीचें ताजें पाणी सोडावें, आणि झिंगे पुन्हां तळाशीं जाईपर्यंत तें चालू ठेवावें.